ऐन निवडीच्या आठवड्यात उठलेला फोड

...नाही, पण मी म्हणतो, यायचंच होतं तर गुडघ्यावर ये, कोपरावर ये, अख्खी पाठ मोकळी पडलीय! नेमका खालच्या ओठावर, मधोमध, जिथे बासरी टेकते तिथेच फोड? तक्रार नाही हो माझी, नुसतं सांगतो. अकरा वर्षं वाद्यवृंदात दुसरी बासरी वाजवतोय, पहिलीवाले काका एकदाचे निवृत्त झाले, शुक्रवारी त्या जागेची निवड, आणि सोमवारी सकाळी आरशात बघतो तर... हा!

बायकोला हाक मारली. बायको नोकरीला प्रयोगशाळेत, आणि अभ्यास कशाचा? असला फोड उठवणाऱ्या विषाणूचाच! दुसरी कुणी असती तर "अरे देवा" म्हणाली असती. ही म्हणाली, "हलू नकोस! काय ताजा आहे!" आणि नमुना घ्यायला कापसाची काडी आणायला पळाली. संमतीपत्रावर सही घेतली हो माझी, चहाच्या आधी!

म्हटलं, अगं, हा करतो तरी काय? झालं, सुरू! "हा एरवी मज्जातंतूच्या पेशीत गपचूप झोपलेला असतो. तू काळजी करकरून त्याला उठवलंस. मग तो ओठाच्या पेशीत शिरतो. ती बिचारी एकीच्या दोन व्हायच्या तयारीत असते ना, तिला सांगतो, थांब बाई, तुझं राहू दे, जमवलेलं सामान इकडे आण, आधी माझ्या नकला काढ!"

म्हणजे घर तिचं, चूल तिची, आणि जेवणार हा? "मग त्या पेशीचं काय होतं?"

"मरते रे. तोच तुझा फोड." किती थंडपणे! तक्रार नाही माझी, नुसतं सांगतो.

शुक्रवार उजाडला. ही म्हणते, "पडद्याआडूनच वाजवायचं ना? मग परीक्षकांना कुठे दिसतोय तुझा ओठ!" अगं, दिसत नाही, पण ऐकू येतो! वरचा सूर लावायला गेलो, फोड फुटला, आणि बासरीतून नुसती फुंकर निघाली, चहा गार करतात तशी! पलीकडे कुणीतरी खाकरलं. "धन्यवाद. पुढचे या." वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं!

घरी आलो तर ही दारातच उभी. "अरे, तुझ्या विषाणूने एका रात्रीत प्रयोगाच्या बशीतल्या सगळ्या पेशींचं विभाजन बंद पाडलं! आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, सतरा नमुन्यांत हाच दमदार, पुढची दोन वर्षं काम याच्यावरच!"

म्हटलं, अभिनंदन. आपल्या घरातून एकाची तरी निवड झाली!