आटणाऱ्या तळ्याची उरलेली बाजू

सभेचे अध्यक्ष मल्हारीअण्णा, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना आपण शाळेतून निरोप देतोय ते धनराज आहेर गुरुजी, माझ्या गावच्या आयाबाया, बापे आणि पोरंसोरं, सगळ्यांना हात जोडते.

मी दुसरीपर्यंत शिकलेली सरपंच. गुरुजींच्या विद्वत्तेचं कौतुक पाहुण्यांनी केलं, ते पुरे. मला या आठवड्यात जो धक्का बसला तेवढा सांगते.

म्हसोबाचं तळं पावसाळ्यात भरतं, माघात आटतं. तीन वर्षं आपण टँकरचं पाणी पितोय, म्हणून ते खोल करायचं मीच ठरवलं. गेल्या उन्हाळ्यात मधे बांध घालून अर्धं खणलं. गाळ रीतीप्रमाणे घरटी वाटला. तीन ट्रॉल्या माझ्या कांद्याच्या वावरात पडल्या. उरलेलं अर्धं उद्या मशीननं खणायचं होतं.

सोमवारी गुरुजी दारात आले. "आशाताई, तळ्यातली मूठभर माती आणा."

"वाळकी माती? तिच्यात काय बघायचं मेलं?"

"आणा तर."

शाळेतल्या बरणीत माती टाकून त्यांनी वर पाणी ओतलं. शुक्रवारी मला बोलावलं. बघते तर बरणीत कोळंबीच्या पिलांसारखे जीव. बारीक, काचेसारखे, पाय वर करून उताणे पोहत होते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाई वाकून बघायला लागल्या. "अगं, हे मी लहानपणी ओंजळीत धरायचे. गेल्या पावसात, खणलेल्या बाजूला एक दिसला नाही. मला वाटलं, डोळे गेले माझे."

मी बरणी उचलून उजेडाला धरली. उन्हात चार महिने भाजलेली माती ती. त्यात हे आले कुठून?

गुरुजी म्हणाले, "अंडी मातीतच असतात. वर्षानुवर्षं टिकतात."

"मग माझ्या कांद्यात पडलेल्या गाळातली?"

"वाफ्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत मुरतं, ताई. त्यांना वाढून अंडी घालायला दोन-तीन आठवडे लागतात."

तीन ट्रॉल्या हो. आणि साऱ्या गावाच्या मिळून किती?

मी म्हटलं, "पण खोल केलं तर पाणी वाढेलच की."

"पाणी बारमाही झालं की मासे टिकतात, आणि मासे यांना खाऊन टाकतात. तळं आटतं म्हणून हे आहेत."

मला संताप आला. "चोवीस वर्षं गावात आहात. गेल्या उन्हाळ्यात तोंड का नाही उघडलं?"

"उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, गुरुजी, तुम्ही पोरं शिकवा."

म्हणाले होते मी. याच व्यासपीठावर, माईकवरून. तुम्ही सगळे हसला होता, आठवतंय ना?

तर आज सकाळी मशीनवाल्याला सांगून आले, येऊ नको. वाल्मीकभाऊ, तुम्ही उपसरपंच आहात, माझ्याकडे असे डोळे वटारू नका. पाणी मलाही लागतं, हंडा मीच वाहते. खणलेली बाजू आणखी खोल करू. उरलेली बाजू आटते तशी आटू द्या. ग्रामसभेत काय शिव्या घालायच्या त्या घाला, ती खणायच्या कागदावर मी सही करणार नाही. कांद्यात गेले ते काही परत येत नाहीत. उरले ते माझ्या हातानं जायचे नाहीत.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मांडव घालणाऱ्यांचे आभार. माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर लागू द्या, पण मानपानात काही चुकलं असेल तर पोटात घाला. आणि गुरुजी, तेव्हा मी तुम्हाला गप्प बसवलं. आता या, माईक घ्या. तुमचं संपेपर्यंत पंगत बसणार नाही.