गाडी चालणार किती?

हसा, हसा! तुमच्या घरात अजून गाडी घ्यायचा विषय निघालेला नाही, म्हणून हसताय. आमच्याकडे निघाला आणि तीन आठवडे डाळीत मीठ नव्हतं... म्हणजे एक दिवस नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी दोनदा होतं, कारण आमच्या याडीचं, याडी म्हणजे आई, आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो पण तुमच्यासाठी मराठीत सांगते, तर याडीचं लक्ष चुलीकडे नव्हतंच! ते होतं ओसरीवर, जिथे बा आणि देविदासकाका आणि निम्मा तांडा बसून पेट्रोल की डिझेल, पेट्रोल की डिझेल... आणि मी मधोमध बसून एकच विचारत होते. एकच! गाडी चालणार किती?

सांगा, यात अवघड काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी कोण आणि हिला कशाला नसती चौकशी. तर मी शितल. आमचा तांडा हिंगोलीकडच्या गोरेगावपासून सहा किलोमीटरवर. मी सहा वर्षं बंगळूरला होते, जमिनीत पाणी कसं मुरवायचं ते शिकले आणि परत आले. हो, परत! हे सांगितलं की लोक आधी दया दाखवतात. 'नौकरी गेली का गं?' 'नाही हो, मीच आले.' 'आसू दे, लागंल दुसरी.' मी आले ती आमच्या तांड्याच्या विहिरीसाठी. फेब्रुवारीत तळ दिसतो तिचा. शेजारी मोठा खड्डा घेतला, दगड-वाळू भरली, पावसाचं पाणी त्यात वळवलं की झालं! पण खड्डा मी एकटी खणणार? चाळीस घरांचे हात लागणार, आणि चाळीस घरं हलणार ती नाईकांच्या शब्दावर.

आमचे नाईक, फुलसिंग नाईक, यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, माझे नकाशे उलटे धरून बघितले, सुलटे धरून बघितले आणि म्हणाले, 'पोरगी हुशार हाय. पर हुशारी पुस्तकातली का वापरातली, ते कसं कळावं? तुज्या बापाला गाडी घ्यायची हाय ना? पेट्रोल का डिझेल, तू सांग. बराबर निघालं तर पान्याचं बी तुजंच ऐकू.'

'आणि नाही निघालं तर?'

'बंगळूरचा रस्ता तुला ठाऊक हाय.'

बघा! विहीर लटकली इंजिनाला!

मी आधी म्हटलं, विजेवरची घ्या. धूर नाही, आवाज नाही. बा म्हणाला, 'अन् चारजिंग?' म्हटलं, लाईट आली की करायचं. 'म्हंजे कुनी आजारी पडलं तर आधी लाईटीला इचारायचं, मंग दवाखान्यात जायचं.' संपला विषय. राहिलं पेट्रोल आणि डिझेल.

मग मी काय केलं? वही घेतली आणि हिंगोलीला महेबूबभाईंच्या गॅरेजमध्ये गेले. तीस वर्षं त्या माणसाचे हात इंजिनात आहेत. म्हटलं, भाई, या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवायची जाळी असते म्हणतात, ती नेमकी करते काय? त्यांनी पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले... 'बेटी, पहली बार कोई ये पूछ रहा है. बाकीचे इचारतात, रंग कोन्ता बरा दिसल!' आणि मग त्यांनी जे सांगितलं ना, ते मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. 'हे बघ, डिझेल म्हंजे म्हैस. ताकद लई. कितीबी ओझं टाक, चढावर घे, हूं का चूं करनार न्हाई. पर म्हशीला रोज लांब चरायला सोडावं लागतं. लांब पळाली तरच ती जाळी काजळी जाळती. दावणीला बांधून चार पावलं फिरवशील तर पोट फुगतं तिचं. अन् पेट्रोल म्हंजे शेळी. दारात बांध, बाजारापोत ने, वापस आण, खूश! म्हंजे सवाल एकच...' आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, गाडी चालणार किती!

मला इतका आनंद झाला! प्रश्न बरोबर होता! आता फक्त उत्तर आणायचं होतं.

घरी आले. 'बा, महिन्याला गाडी चालणार किती?'

'चालंल की. नवी हाय, चालनारच.'

'तसं नाही. किलोमीटर किती?'

'किलोमीटर कोन मोजून राहिलं? गोरेगावला जाऊन यायला एक तंबाखूची पुडी लागती.'

आतून याडी, 'अन् हिंगोलीला जाऊन यायला माजी निम्मी कंबर. ते बी लिव्ह वहीत!'

मी डोकं धरलं. म्हटलं, बा, बाकी सगळं सोड. फक्त आपल्या घराचं सांग. आपल्या घराला गाडी किती लागेल? या शब्दांनी माझा घात केला, पण ते पुढे. बा विचारात पडला, बोटं मोजली, इमानदारीनं मोजली हो! 'गोरेगावचे चार बाजार. हिंगोलीच्या दोन खेपा. झालंच तर एक औंढ्याचं दर्शन.' मी वहीत बेरीज केली. पार ओढूनताणून तीनशे किलोमीटर! म्हणजे? शेळी! चोख शेळी!

एकटे देविदासकाका म्हणाले, 'डिझेल घे पोरी.'

'काहून काका? आकडा दाखवा.'

'आकडा न्हाई बा आपल्यापाशी. बावीस वर्सं काळीपिवळी चालवली, गोरेगाव ते हिंगोली. तू सांग, नऊ शिटाच्या जीपमधी मानसं किती बसत्यात?'

'नऊ.'

काका बा कडे वळले आणि म्हणाले, 'पेट्रोल घे.'

मी जिंकले असं मला वाटलं! तांड्यासमोर उभी राहिले, काजळीची जाळी समजावली, शेळी समजावली, वही दाखवली. नाईक म्हणाले, 'पक्कं?' मी म्हटलं, पक्कं!

गाडी आली. पांढरी, सात शिटांची. हळदीच्या पिकानं यंदा हात दिला होता. बायांनी ओवाळलं, नारळ फुटला, आणि नारळाचं पाणी वाळायच्या आत पेमाकाका, शेजारचेच आमचे, टोपी नीट करत दारात, 'रूपसिंग, सोयरीक बघायला जायचं व्हतं सेनगावला.' बा म्हणाला, 'चल की.' दुसऱ्या दिवशी कुणाची रक्ताची तपासणी. मग कुणाच्या पोरीची परीक्षा, कुणाचं पुसदकडे लग्न, मग त्याच लग्नात कुणीतरी रुसलं म्हणून परत पुसद, मग एक मयत, आणि मयताला नाही कसं म्हणणार? मग मयताच्या पाहुण्यांना सोडायला... मी दारात उभी राहून बघायचे. शेळी निघाली. शेळी आली. शेळी परत निघाली! शेळीच्या पाठीवर अकरा माणसं!

महिना संपला. मी मीटरच्या काचेवरचा आकडा बघितला. बोटानं काच पुसून परत बघितला. दोन हजार नऊशे.

'बा! तू तीनशे म्हणाला होतास!'

'बराबर हाय की. तू आपल्या घराचं इचारलं. घराचं तेवढंच झालं. बाकीचं तांड्याचं.'

'मग तांड्याचं का नाही सांगितलंस?'

'तू इचारलंस का?'

सांगा, आता काय बोलायचं? आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण आमच्या तांड्यात कुणी कुणाच्या गाडीत फुकट बसत नाही. आणि पैसे पुढे केले तर तो घरच्याचा अपमान! मग? मग प्रत्येकाच्या घरी ट्रॅक्टरसाठी, पाण्याच्या इंजिनासाठी ठेवलेलं डिझेल असतं. ज्याला नेऊन आणलं, तो दुसऱ्या दिवशी पाच लिटरचा कॅन आणतो, ओसरीवर ठेवतो आणि एक शब्द न बोलता जातो. किती सुंदर रीत आहे! मला रडू आलं होतं पहिला कॅन बघून. पण तुम्हाला सांगते, अकरावा कॅन बघून जे रडू आलं ते वेगळं होतं. ओसरी डिझेलनं भरलेली आणि अंगणात गाडी पेट्रोलवाचून तहानलेली! परत द्यावा तर माणूस दुखावतो. याडी म्हणाली, 'आता चूल बी डिझेलवर लाव.'

आणि नाईक? ते फक्त येता-जाता कॅन बघायचे.

म्हणून मी ठरवलं, आता उशीर नको. शिरड शहापूरजवळ किशनराव म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांनी विहिरीशेजारी असाच खड्डा घेतलाय. नाईकांना नेऊन दाखवायचं. पाणी डोळ्यांनी बघितलं की गाडी विसरतील! सकाळी निघालो. चालवायला मी. शेजारी नाईक. मागे किती? देविदासकाका मला आरशातून बघत होते, मी मोजलं नाही. मोजलं. सगळे मिळून तेरा.

हिंगोली दहा किलोमीटरवर राहिली आणि गाडीला उचकी लागली. एक... दोन... मग पांढरा धूर, मग गाडी अशी थरथरली जणू तिला थंडी वाजतेय, आणि थांबली. भर रस्त्यात. नाईकांना घेऊन. मी फोन केला, महेबूबभाई स्कूटरवर आले, टाकीचं झाकण काढलं, नाक लावलं आणि सगळ्यांकडे वळून विचारलं, 'किसने पिलाया?'

पेमाकाकांनी हात वर केला. अभिमानानं हो! 'म्या! माजा कॅन तीन दिवस ओसरीवर तसाच. म्हनलं लेकरू विसरलं. आज सकाळी म्याच वतला.'

'काका! गाडी पेट्रोलची आहे! मी सगळ्या तांड्यासमोर सांगितलं होतं!'

'व्हय, ऐकलं की म्या. पर पोरी, पेट्रोल मोटारसायकलीत टाकत्यात. येवढ्या थोरल्या गाडीत कोन टाकतं? मला वाटलं तुज्या बोलन्यात चूक होऊन राहिली. आता लेकरू येवढं शिकून आलेलं, चारचौघात काहून टोकावं?'

म्हणजे बघा! माझी लाज राखायला त्यांनी माझं इंजिन बुडवलं!

महेबूबभाई म्हणाले, 'म्हशीचा चारा शेळीला घातला, बेटी. मरनार न्हाई. पर पोट साफ करावं लागंल, टाकी उतरवून. आज उठत न्हाई ही.'

नाईक उतरले, रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसले. मला बोलावलं. मी गेले. गेली विहीर, मनात म्हटलं, बंगळूरचा रस्ता मला ठाऊक आहे.

'पोरी, गाडी तू मोजली कशी?'

'आपल्या घराला किती लागेल, तसं मोजलं.'

'अन् तो पान्याचा खड्डा?'

'तांड्याला किती लागेल तसं. चाळीस घरं धरून.'

'काहून? तुमच्या घरापुरता बारका बी पुरंल.'

'असं कसं नाईक? विहीर काय एका घराची असते?'

नाईकांनी रस्त्यात उभ्या गाडीकडे बघितलं, तिच्याभोवती उभ्या बारा माणसांकडे बघितलं... आणि माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. सहा वर्षं पाणी वाटून घेण्यावर निबंध लिहिले मी. बक्षीस आहे माझ्याकडे! आणि घरी येऊन पहिला प्रश्न विचारला तो 'आपल्या घराचं सांग'!

'आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहत होते,' नाईक म्हणाले, 'त्या लदेणीत कुनाचा बैल एकटा चालत नव्हता. गाडीत तांडा धरला न्हाईस तू. पान्यात धरलास. मंग पान्याचं बराबर हाय. चल, दाव तुजी हीर.'

आणि गेलो कसे? मागून काळीपिवळी आली. नऊ शिटांची. आत आधीच चौदा. देविदासकाकांनी ड्रायव्हरला नुसती मान हलवली आणि आम्ही उरलेले बाराही मावलो, बा तेवढा गाडीपाशी थांबला. जीपनं हूं की चूं केलं नाही. डिझेल!

किशनरावांची विहीर नाईकांनी वाकून बघितली. खडा टाकला. आवाज आला, डुबुक. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. 'रविवारपासून खनू,' नाईक म्हणाले.

खड्डा चालू आहे. चाळीस घरांसाठी आखला होता. पहिल्या रविवारी नाईक म्हणाले, 'वरच्या तांड्याच्या बाया बी येत्यात पान्याला, त्या धरल्या का?' वाढवला. दुसऱ्या रविवारी, 'अन् जनावरं?' वाढवला. काल देविदासकाका, 'लगीनसराईतले पावने?' मी वही बंद केली आणि फावडं उचललं.

आणि गाडी? बा नं तांड्यात कुणाला न सांगता महेबूबभाईंना गाठलं, ती पेट्रोलची दिली आणि तशीच एक वापरलेली डिझेलची घेतली. परवा दारात उभी राहिली. म्हैस! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, सुटले. आता ओसरीवरचे कॅन रिकामे होतील.

घरात गेले तर ओसरीवर डिझेल नाहीच. त्या दिवसानंतर तांड्यानं ठरवलं म्हणे, शितलचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. एकेकानं आपला कॅन नेला, गोरेगावला जाऊन बदलून आणला आणि परत जागच्या जागी ठेवला. अकरा कॅन. सगळे पेट्रोलचे! आणि सगळ्यात पुढे पेमाकाका, 'बराबर हाय ना आता?'

मी काय म्हणणार? म्हटलं, बराबर हाय काका.

हसा, हसा. पण हसून झालं की जाताना ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्यानं एकेक कॅन उचला... आणि रिकामे तेवढे आणून द्या हो, त्यातला एक पेमाकाकांच्या फवारणीचा आहे.