उपप्राचार्यांच्या खुर्चीवरचा पंचा

श्रीनाथ : अलकाताई, मी आत आलो की तुम्ही सगळे उभे का राहून राहिलेत? वर्गातली पोरंसुद्धा माझ्यासाठी एवढी उभी राहात नाहीत.

अलका : बसा सर, आधी बसा. कचोरी गरम आहे. पराग सरांनी खास तुमच्यासाठी आणलीय.

श्रीनाथ : खेळाच्या सरांनी? मला? ते तर मला कधी नमस्कारही करत नाहीत!

अलका : आमच्यासमोर तरी भोळे नका बनू, सर. शैलेंद्र सर रिटायर झाले तेव्हापासून उपप्राचार्यांची खुर्ची रिकामी पडलीय. सगळ्यांचा डोळा तिच्यावर. पण पाठीवर पांढरा टॉवेल टाकून ती ताब्यात कोणी घेतली? संस्कृतच्या सरांनी! मी तर घरी सांगितलं, श्रीनाथ सर छुपे रुस्तम निघाले.

श्रीनाथ : अहो, तो टॉवेल नाही, पंचा आहे माझा!

अलका : तुमचाच आहे. तेच तर म्हणतेय मी.

श्रीनाथ : ओला पंचा, अलकाताई! कार्तिक चालू आहे. रोज पहाटे आईला नदीवर, राम घाटावर स्नानाला नेतो. तिला नानाखेड्याला घराच्या दारात उतरवतो आणि तशीच गाडी पळवतो इकडे. डिक्कीत ठेवला की पंचा कुबट होतो. आणि स्टाफरूममध्ये ऊन फक्त त्या खुर्चीवर येतं.

अलका : हे अजून कोणाला सांगितलं?

श्रीनाथ : कोणी विचारलंच नाही.

अलका : मग सांगू पण नका. पराग सरांना तुम्ही मैदानाची ड्यूटी माफ केली, मला शेवटचा तास माफ केला. पंचा ओला आहे असं माहीत पडलं तर ते सगळं पाण्यात जाईल.

श्रीनाथ : मी कुठे माफ केलं? ते म्हणाले, गुडघा दुखतोय. मी म्हटलं, मग बसा ना.

अलका : ते बसले. तेव्हापासून बसलेच आहेत. मी म्हटलं, शेवटच्या तासाला डोकं धरतं. तुम्ही म्हणालात, मग घरी जाऊन पडा. मी रोज जाऊन पडते.

श्रीनाथ : अरे देवा! हे मोठ्या मॅडमच्या कानावर गेलं तर?

अलका : गेलं ना. तुम्हाला बोलावलंय आत. घाबरू नका, आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत. म्हणजे, मी दारापर्यंत येते.

(प्राचार्या अहल्या जटार यांची खोली. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर एकावर एक दोन जाडजूड टॉवेल.)

अहल्याबाई : या. बसा, उपप्राचार्य.

श्रीनाथ : मॅडम, असं नका म्हणू. आणि तुम्ही इतक्या पुढे सरकून का बसल्यात? पडाल.

अहल्याबाई : दोन टॉवेल आहेत मागे. काल देवास गेटच्या बाजारातून दुसरा आणवला. तुमचा एक, तर माझे दोन! आमच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या दरबारात दफ्तर सांभाळलंय, श्रीनाथ सर. कोणी गादीवर डोळा ठेवला तर आम्हाला वासावरून कळतं.

श्रीनाथ : वास येऊ नये म्हणूनच तर मी तो वाळत घालतो, मॅडम.

अहल्याबाई : बोलण्यात गुंडाळू नका. सरळ सांगा, तुमच्या मागे कोण आहे? भोपाळचं कोणी?

श्रीनाथ : माझ्या मागे? स्कूटरवर आई असते.

अहल्याबाई : थट्टा करताय?

श्रीनाथ : नाही हो! तिलाच घाटावर नेतो. म्हणून तर तुम्हाला विचारून कार्तिकात पहिला तास सोडवून घेतला होता.

अहल्याबाई : ती सवलत आजपासून बंद. आता दोनच रस्ते. एक तर पंचा उचला आणि पहिल्या तासाला हजर व्हा. नाहीतर रीतसर उपप्राचार्य व्हा. मी सही करते. पण मग शाळा भरायच्या आधी गेटवर उभं राहायचं, उशिरा येणाऱ्यांना पकडायला.

श्रीनाथ : म्हणजे कसंही केलं तरी आईचं स्नान बुडणार. मॅडम, मला खुर्ची नको. पंचा उचलतो, डिक्कीत कुजू दे. तेवढा पहिला तास राहू द्या, पौर्णिमेपर्यंत. तिला आता रोजचं स्नान जेमतेम झेपतं. पुढच्या वर्षी झेपेल की नाही, मला त्याचीच भीती वाटते.

अलका : मॅडम, मी दारातूनच बोलते, माफ करा. सर खरं सांगतायत. हा घ्या पंचा, खुर्चीवरून उचलून आणलाय, हात लावून बघा.

अहल्याबाई : हा तर चिंब आहे.

अलका : खाली ठेवा मॅडम, तुमच्या कागदांवर पाणी गळून राहिलंय.

अहल्याबाई : आणि मी या ओल्या फडक्याच्या धास्तीनं झोपले नाही! दुसरा टॉवेल आणवला! श्रीनाथ सर, तुम्ही आधी बोलला का नाहीत?

श्रीनाथ : मला कुठे माहीत होतं, मी बंड करून राहिलोय म्हणून?

अहल्याबाई : अलका मॅडम, शेवटचा तास आजपासून घ्यायचा. पराग सरांना सांगा, गुडघा घेऊन मैदानावर या.

अलका : त्यापेक्षा बंडच बरं होतं.

अहल्याबाई : काही म्हणालात?

अलका : जाते म्हणाले, मॅडम.

श्रीनाथ : मीही निघू? म्हणजे... पहिल्या तासाचं काय?

अहल्याबाई : आमची आई पण म्हणायची, अहल्या, एक दिवस घाटावर ने ग. मी म्हणायची, या वर्षी परीक्षा आहेत, या वर्षी तपासणी आहे. शेवटपर्यंत नेलं नाही मी तिला. फार वाईट वाटतं हो त्याचं.

श्रीनाथ : मॅडम...

अहल्याबाई : पहिला तास कोणत्या वर्गावर असतो तुमचा?

श्रीनाथ : सातवी ब.

अहल्याबाई : पौर्णिमेपर्यंत मी घेते.

श्रीनाथ : तुम्ही? संस्कृत?

अहल्याबाई : रामः रामौ रामाः येतं मला. पुढचं पोरं सांगतील.

श्रीनाथ : नाही सांगणार, मॅडम. त्यांनाही तेवढंच येतं.

अहल्याबाई : मग तेवढंच म्हणू रोज. आणि ऐका, उद्या आईंना घाई करू नका. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं.