पुढचा ब्रेक

हबीब : पाय टेकवा, यशोदाबाई. दोन्ही टेकवा. घाबरू नका, गाडी उभीच आहे.

यशोदाबाई : घाबरतंय कोण? या ड्रेसचा वैताग हाय. तृप्तीचा हाय, दंडात फाटतोय का काय असं वाटतंय. साडीत बसता आलं असतं तर कवाच शिकले असते.

हबीब : आज कंपन्यांना सुट्टी, रस्ता मोकळा. एरवी इथं ट्रक लागलेले असतात. म्हणून म्हटलं, आज ब्रेक करू.

यशोदाबाई : काल चालवायला शिकवली, आज थांबवायला. उलटंच की तुमचं.

हबीब : काल चालवली कुठं? बंदच पडत होती.

यशोदाबाई : हसा, हसा. पुढच्या महिन्यापासून चोवीस डबे मलाच पोचवायचेत. राजू गेल्यापासून चार महिने शेजारचा काळू त्याच्या रिक्षातून नेतोय. त्याचा धंदा सोडून. किती दिवस त्याला अडकवून ठेवायचं? तृप्ती म्हणाली, आई, दादाची गाडी मी शिकते. मी म्हणलं, तू नको बाई. एक पोर रस्त्यानं नेलं, तेवढं बास झालं.

हबीब : बरं, बघा. उजव्या हाताला पुढचा ब्रेक. उजव्या पायाखाली मागचा. दोन्ही सोबत दाबायचे, आहिस्ता, दाब वाढवत वाढवत. पुढचा जास्त, मागचा कमी.

यशोदाबाई : पुढचा जास्त?

हबीब : हां.

यशोदाबाई : काहीतरीच. पुढचा दाबला की माणूस तोंडावर जातो. आमच्या दत्तूनं, माझ्या भावानं, पेठला नव्या गाडीवर पहिल्याच दिवशी दाबला. दोन दात गेले. आमच्याकडं लेकरालासुद्धा ठावं हाय, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाय.

हबीब : वळणावर दाबला असेल. खडीत, गच्चकन. हँडल सरळ असलं आणि दोन्ही सोबत दाबले तर कोणी पडत नाही. बसनं ब्रेक मारला की आपण पुढं जातो ना? तसं गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं हलकं होतं. ते एकटं काय रोखणार? घसरत जातं नुसतं.

यशोदाबाई : खरं सांगताय?

हबीब : करून बघा ना. ती वीट ठेवलीये. हळूच जा, विटेपाशी आलात की आधी नुसता पाय दाबा. मग परत या, दुसऱ्यांदा दोन्ही दाबा. गाडी थांबेल तिथं मी खडूनं रेघ मारतो.

(ती दोनदा विटेपर्यंत जाऊन थांबते. रस्त्यावर खडूच्या दोन रेघा होतात.)

यशोदाबाई : ती लांबची कुठली?

हबीब : नुसत्या पायाची. ही अलीकडची, दोन्हीची.

यशोदाबाई : माणूस आडवा झोपला तरी मावेल की मधे.

हबीब : अन् तुम्ही सायकलीच्या स्पीडनं होता. जोरात असलं की फरक अजून वाढतो. चला, परत एकदा.

यशोदाबाई : थांबा जरा. राजूच्या वेळी रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता. पोलीस टेप लावून मोजत होते. मी तिथंच बसले होते, फुटपाथवर. साहेब म्हणाले, मावशी, पुढचा टेम्पो एकदम रिव्हर्स आला. पोरानं ब्रेक मारलाय, पण गाडी थांबली नाय. तो पट्टा कुठल्या चाकाचा?

हबीब : ऊन वाढायला लागलंय. अजून दोन फेऱ्या मारू अन् जाऊ.

यशोदाबाई : मी काहीतरी विचारलं, हबीबभाई.

हबीब : मागच्या चाकाचा.

यशोदाबाई : म्हणजे नुसता पाय दाबला त्यानं.

हबीब : त्या घाईत कोण काय दाबतं, कसं सांगणार?

यशोदाबाई : गाडी घेतली त्या आठवड्यात मी तुमच्या दुकानात आले होते.

हबीब : आठवत नाही.

यशोदाबाई : मला आठवतंय. राजूला चहा सांगायला पिटाळलं अन् तुम्हाला म्हणलं, पुढच्या ब्रेकची वायर ढिली करून ठेवा. पोरगं तापट हाय, दाबंल अन् मामासारखं तोंड फोडून घेईल. म्हणलं, त्याला कळू देऊ नका.

हबीब : केली होती ढिली. पंधरा दिवसांनी तोच आला अन् आवळून घेतली. म्हणाला, चाचा, ब्रेक लागत नाही.

यशोदाबाई : माझ्याकडं बघून बोला.

हबीब : बघूनच बोलतोय.

यशोदाबाई : कुठं? विटेकडं बघताय. पोलिसांकडून गाडी तुम्हीच सोडवून आणली. दुरुस्त पण तुम्हीच केली. तवा वायर कशी होती?

हबीब : यशोदाबाई, आता ते काढून...

यशोदाबाई : आवळलेली का ढिली?

हबीब : ढिली.

यशोदाबाई : अगं आई गं.

हबीब : बसा. इथं कट्ट्यावर बसा. पाणी घ्या.

यशोदाबाई : पाणी नको. रोज डबे बांधताना सांगायचे त्याला, पुढच्या ब्रेकला हात लावू नको बरं. रोज. तो म्हणायचा, हो गं माझे आई, नाय लावत. अन् त्या दिवशी लावला असंल तरी त्याच्या हाताला काय लागलं असंल? काहीच नाय. मीच मारलं माझ्या पोराला.

हबीब : असं बोलू नका.

यशोदाबाई : मीच सांगितलं की तुम्हाला!

हबीब : तुम्ही आई. तुम्हाला भीती वाटणारच. ब्रेकमधलं तुम्हाला काय कळतं? मला कळत होतं. तीस वर्षं हेच करतोय. पाना माझ्या हातात होता, मी नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं, महिनाभर राहू दे, पोराचा हात बसला की आवळून टाकू. मग सणाची गर्दी झाली. राजू रोज दुकानासमोरून हॉर्न मारत जायचा, मी हात करायचो. रोज करायचो, यशोदाबाई. वायर एकदाही आठवली नाही.

यशोदाबाई : चार महिने येताय तुम्ही घरी. मिक्सर करून दिलात, तृप्तीची सायकल केलीत. मी शेजारणीला सांगत होते, असा माणूस मिळायचा नाय. ते यासाठी होतं?

हबीब : दर वेळी सांगायलाच निघायचो. तुम्ही चहा ठेवायच्या. मी पिऊन परत जायचो. अन् आज तर सरळ खोटं बोललो. तुम्हाला कळू नये वाटलं, का माझी लाज वाचावी वाटलं, मलाच माहीत नाही.

यशोदाबाई : मला तुमचा लय राग येतोय.

हबीब : यायलाच पाहिजे.

यशोदाबाई : माझा त्याहून जास्त येतोय. तुम्हाला निदान शिव्या तरी देता येतील.

हबीब : द्या ना. मी इथंच उभा आहे.

यशोदाबाई : सुचत नायत. राजूचं तोंडच डोळ्यांपुढं येतंय नुसतं.

हबीब : दुसऱ्या कोणाकडून शिकायचं असेल तर सांगा. चांगला माणूस बघून देतो. मला वाईट वाटणार नाही.

यशोदाबाई : गाडी दुकानात घेऊन जा. मी चालत जाते.

हबीब : एवढ्या उन्हात? घरापर्यंत सोडतो.

यशोदाबाई : नको. अन् तृप्तीला यातलं काही कळू... नाय, राहू द्या. तिला मीच सांगेन. लपवून एकदा बघितलं.

हबीब : मग उद्या मी... यायचं का?

यशोदाबाई : उद्या येऊ नका. उद्या मला रडायचंय. परवा या.