बापाने विचारलेला प्रश्न

तोंडी परीक्षा चाललेल्या खोलीच्या दाराशी शिपाई स्टुलावर बसला होता. समोरच्या बाकावर एक म्हातारा सुतार शेजारच्या बाईंशी बोलत होता, आणि शिपायाने कान टवकारले होते.

“माझी मुलगी पीएचडी करतेय.”

“कशावर?”

“आफ्रिकेत इग्बो म्हणून लोक आहेत, त्यांच्या कादंबऱ्यांवर. पाद्री आले, पोरं नव्या देवाकडे गेली आणि बापांचा ताठा दुखावला. मी रंधा मारायचो, ती वाचून दाखवायची.”

“कळायचं तुम्हाला?”

“न कळायला काय झालं? मीही बापच की! एकदा तिला विचारलं, पोरगा गेल्यावर त्या बापाला रडावंसं वाटलं, तर त्याने कुणापुढे रडायचं? पोरीनं अख्खं प्रकरण नव्यानं लिहिलं.”

दार उघडलं आणि मुलगी धावतच बाहेर आली.

“बाबा, झाले पास! परीक्षक विचारत होते, हा रडण्याचा प्रश्न कुठल्या पुस्तकातला?”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, माझ्या बाबांचा आहे, आणि बाबा बाहेरच बसलेत. चला, तुम्हाला आत बोलावलंय.”

एरवी कुलगुरूंसाठीही जेमतेम उठणारा शिपाई ताडकन उभा राहिला आणि त्याने सुतारासाठी दार उघडून धरलं.