गोल शेपटीवाली

हुडकेश्वरच्या वसंतकाकांकडे एक जुनी इटालियन गाडी आहे गा, उघड्या टपाची, दोनच सीटची. काकू गेल्यापासून बाजूची सीट रिकामीच. परवा त्यांनी आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला अन् खाली लिहिलं, "माझी गोल शेपटीवाली."

आता गोल शेपटी म्हणजे सगळ्यात पहिलं मॉडेल, अन् फोटोत तं मागचा भाग सरळ कापलेला! माह्याच्यानं राहवलं नाही. लगेच फोन लावला.

"काका, ही नंतरची आहे, कापल्या शेपटीची."

"असं का? मले नाही समजत गा. येऊन दाखवून दे ना."

गेलो, तं दोन कप चहा तयार. मी शेपटीकडे बोट दाखवलं अन् काकाच सुरू झाले. कोणत्या मॉडेलले मागे काळं रबर लागलं, कोणत्याचे दिवे बदलले, कोणत्याचा बंपर. एकही गोष्ट चुकली नाही.

"काका, तुम्हाले तं सगळंच येते. मंग चुकीचं काहून लिहिलं?"

कपात पाहत म्हणाले, "मागच्या खेपेले बरोबर लिहिलं होतं. अंगठे आले गा भरपूर. फोन एकाचाही नाही आला."