पहिल्या नंबरचं बाळ

सन्माननीय अध्यक्ष प्रतापरावजी, मंचावरचे पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतोय त्या डॉक्टर अरुंधतीबाई, आणि रामबागेतल्या माझ्या आयाबहिणींनो,

मंडळाने मला बोलायला सांगितलं, कारण सत्तावन्न सालच्या बालप्रदर्शनात बाईंनी ज्या बाळाला पहिल्या नंबरचा चांदीचा कप दिला, त्याची मी आई. बाईंच्या प्रसूतिगृहात शिरताच समोर तो फोटो दिसतो. किती गुटगुटीत, नाही?

बाळंतपणात पोट कापायचं म्हटलं की तेव्हा लोक घाबरायचे. देपालपूरहून सासूबाई ओरडत आल्या, “आमच्या दाईला बोलवा!” बाईंनी ऐकलं नाही, ऑपरेशन केलंच. माझा जीव वाचला तो बाईंमुळेच, हे मी कुठेही सांगेन.

तेच बाळ, माझी शारदा, कधी रडायची नाही. दूध पाजायलाही उठवावं लागे. जीभ सारखी बाहेर. मी विचारलं, तर बाई हसल्या, “अगं, ऑपरेशनचं बाळ आहे. कळा सोसल्या नाहीत, मग रडेल कशाला?” प्रदर्शनात तिला उंच धरून म्हणाल्या, “देखिए, ऑपरेशन का बच्चा कितना शांत होता है!” काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या.

दोन वर्षांची झाली तरी बसेना. तेव्हा म्हणाल्या, ऑपरेशनची मुलं जरा मागे राहतातच. शांत होती ती ऑपरेशनमुळे, बसेना तीही ऑपरेशनमुळे! इतकं कामाचं ऑपरेशन आणखी कुठे होतं का हो?

मुंबईच्या डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, गळा चाचपला आणि थायरॉइडच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, “बाळंतपणाला कशाला दोष देता? हिची थायरॉइडची ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही. गोळ्या पाळण्यात असतानाच द्यायच्या होत्या. आता थोडी वाढेल, पण बुद्धी येणार नाही.” तो गुटगुटीतपणा म्हणजे सूज होती. आपण सगळ्यांनी मिळून सुजेला कप दिला.

मी बाईंकडे गेले, म्हटलं, निदान तो फोटो तरी उतरवा. त्या म्हणाल्या, “राहू दे गं, पेशंटना धीर येतो.”

हार त्याच बाळाच्या हातून घालावा, ही मंडळाची कल्पना. मंडळाचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. बाईंइतकं गोड मला बोलता येत नाही.

ये, शारदा. अकरा वर्षांची आहे, पण तेवढी दिसत नाही. शामभिया, कॅमेरा तयार ठेवा, जुन्याच्या जागी हाच फोटो लावायचा आहे.

बाई, तिचे हात तुमच्या गळ्यापर्यंत पोचत नाहीत. जरा वाका. अजून थोडं.